मयत उठेपर्यंत

१२ फेब्रुवारी

विसावा दिवस. अजून एकाही घरातून चहाला बोलावणं नाही. हे म्हणतात, "अगं, लोकांना वेळ दे." वेळ! तोच तर नाही ह्यांच्याकडे. ग्वाल्हेरच्या डॉक्टरांनी साफ सांगितलं होतं – हृदय पंचवीस टक्के चालतंय, वर साखर, सहा महिने धरून चला. सहा महिने ऐकल्यावर माणसं काशीला जातात. आमच्या ह्यांनी घर विकलं आणि नागपुरात भाड्याने येऊन राहिले.

'मरेन तर महाराष्ट्रात.' लग्न झाल्यापासून ऐकतेय. आमच्या दोघांच्याही पाच पिढ्या ग्वाल्हेरच्या. ह्यांचा महाराष्ट्र म्हणजे लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीतलं मामाचं रामटेक. तेवढ्या शिदोरीवर माणसाने सत्तरी गाठली. तलाव दिसेल असं घर हवं म्हणून सक्करदरा निवडलं. खिडकीतून समोरच्यांची पाण्याची टाकी दिसते.

१६ फेब्रुवारी

शेजारची प्रेमिला कचऱ्याच्या गाडीपाशी भेटली. पंचेचाळिशीची, चटपटीत. "तुमी एमपीवाले ना, काकू? इकडं काहून आले? पोरं इकडं हायेत का?" म्हटलं, मूलबाळ नाही, ह्यांना आवडतं म्हणून आलो. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मलाच माझं उत्तर खोटं वाटलं.

ग्वाल्हेरला जन्मभर 'वो मराठे लोग'. इथे एमपीवाले. ह्यांना सांगितलं तर हसले. मग बराच वेळ भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

१९ फेब्रुवारी

रामटेकला जाऊन आलो. मामाच्या घराच्या जागी मोबाइलचं दुकान. हे गाडीतूनच काउंटरवरच्या माणसाला म्हणाले, इथे आमचे मामा राहायचे. तो म्हणाला, "कोन मामा?" गड चढणं शक्यच नव्हतं. खालूनच हात जोडले. परत येताना मीच नको ते बोलत बसले, ऊन किती, रस्ता कसा.

२४ फेब्रुवारी

हे न्हाणीत पडले. मला उचलवेना. दार उघडून गल्लीत उभी राहिले आणि हाक मारायला तोंड उघडलं, तर नाव सुचेना! कुणाचं घेऊ? नुसतीच उभी. समोरच्या ओट्यावरून रुपरावजी धावत आले. शाळेतले निवृत्त ड्रॉइंग मास्तर. ह्यांना लहान मुलासारखं उचलून पलंगावर ठेवलं. मला म्हणाले, "आवाज काहून नाही देल्ला, वयनी? समोरच तं राह्यतो आमी."

ते गेल्यावर ह्यांनी माझा हात धरला. "उत्तरा, मी गेलो तर चार जण येतील ना गं?"

मी म्हटलं, गप्प बसा. दुसरं काय म्हणणार? आता माझ्याही डोक्यात तेच. भाजी चिरताना, औषध मोजताना. चार माणसं. रुपरावजी एक धरले तरी तीन कुठून आणू?

२ मार्च

रुपरावजींच्या आई, जिजाबाई, दिवसभर ओट्यावर बसून असतात. नव्वदीच्या पुढच्या. रोज सकाळी मला पाहिलं की विचारतात, "कोनाची वं तू?" मी रोज सांगते. रोज विसरतात. आज कंटाळून म्हटलं, "कुणाचीच नाही, आजी." तर म्हणाल्या, "असं कुठं असते का?"

येत्या आठ-दहा दिवसांत त्यांच्या नातीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा. घरीच आहे. प्रेमिलाने काल दारावरून जाता जाता सांगितलं. गल्लीला बोलावणं गेलं. आमच्या दारी कुणी आलं नाही.

५ मार्च

लिहावंसं वाटत नाही. तरी लिहिते, नाहीतर डोकं फुटेल.

दोन दिवस ह्यांनी अन्नाला तोंड लावलं नव्हतं. आज सकाळी आपणहून म्हणाले, भजी खावीशी वाटतात. डॉक्टरांनी बंद केलीत, पण मी म्हटलं, खड्ड्यात गेला डॉक्टर. इन्सुलिन टोचलं, म्हणजे अर्ध्या तासात पोटात काहीतरी जायलाच हवं. कांदा चिरत होते तर खिडकीतून दिसलं – समोर टेम्पोतून प्लास्टिकच्या खुर्च्या उतरतायत, माणसं जमतायत. साक्षगंध! समोरासमोर राहतो, आणि साधं 'या' म्हणवलं नाही. आतून पेटलेच मी. खिडकी धाडकन लावली. म्हटलं, आमच्याही घरात आज सण. रेडिओ लावला, मोठा केला. दोन घाणे भजी तळली, मिरच्या तळल्या. हे चार खाऊन म्हणाले, "वा!" मला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं, तेच आता सहन होत नाहीये.

दहा वाजता टॉवेल वाळत घालायला बाहेर आले. ओट्यासमोर तिरडी बांधत होते.

जिजाबाई गेल्या. पहाटे. अख्खी गल्ली खाली मान घालून बसलेली, आणि माझ्या घरातून तेलाचा वास आणि गाणी! सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझा हात तेलकट, बेसनाने भरलेला. पदरात लपवला.

नंतर प्रेमिला दारात आली. आवाज चढवला नाही तिने, तेच लागलं. "मयत उठल्याबिगर गल्लीत कोनी चूल पेटवत नाई, काकू. लहान लेकरं बी सकाळपासून बिस्कुटावर होते. तुमच्या एमपीत पेटवत असन."

नाही गं बाई! आमच्याकडेही नाही पेटवत. माझ्या आईने मला पाच वर्षांची असताना शिकवलंय. कोपऱ्यावर पिठाच्या गिरणीपाशी फळा आहे. नळाची वेळ, कुणाचं दुःखद निधन, सगळं त्यावर रुपरावजी सुंदर अक्षरात लिहितात. आज आईचं नावही त्यांनीच लिहिलं होतं, सकाळी सहाला. दूध आणायला मी त्याच फळ्यावरून गेले. वाचला नाही. आपलं त्यावर काय असणार, म्हणून कधीच वाचत नाही.

६ मार्च

भेटायला जाऊन आले. रुपरावजी मुंडन करून भिंतीशी बसलेले. सांगायचं होतं, मला साक्षगंध वाटलं हो. पण ते कसं सांगायचं? तुमच्या आनंदावर चिडून मी रेडिओ मोठा केला, असं? हात जोडून बसले, तशीच उठून आले. बायकांनी सरकून मला जागा दिली. जरा जास्तच जागा दिली.

१० मार्च

ह्यांना सांगून टाकलं. चार दिवस लपवलं होतं. वाटलं होतं रागावतील. रागावले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "माझ्यासाठी तळलीस ना. म्हणजे चूक माझीच." मग म्हणाले, "गौरांगला फोन कर. परत जाऊ."

गौरांग म्हणजे ह्यांचा पुतण्या, ग्वाल्हेरला असतो. त्याने तासाभरात २४ तारखेची तिकिटं काढली. वर म्हणाला, "काकू, मी आधीच म्हटलं होतं." म्हटलं होतंस रे बाबा. सगळ्यांनीच म्हटलं होतं.

जन्मभर एक गोष्ट मागितली ह्या माणसाने. घर नाही, गाडी नाही, मुलासाठीही कधी हट्ट नाही. फक्त इथे यायचं होतं. आणि मी त्यावर उकळतं तेल ओतलं. देवा, मला तरी ने आधी. नाही, तसंही नको. मग ह्यांना इन्सुलिन कोण देईल?

१४ मार्च

धुळवड. रंग नाही, आवाज नाही. जिजाबाईंसाठी गल्लीने सण सोडला.

१६ मार्च

रुपरावजी आले होते. दारातच उभे. "उद्या आईची तेरवी हाय. दोघंई या जेवाले." माझा बांध फुटला. साक्षगंध, खुर्च्या, चिडणं, सगळं भडाभडा बोलून टाकलं. ते खालीच बघत होते. साक्षगंध तर आठवडाभर पुढे होतं, आमचं बोलावणं द्यायला ते स्वतः येणार होते म्हणे! मग म्हणाले, "बिमाराचं घर हाय, चूल पेटवाच लागते, वयनी. मले बी शुगर हाय, मले समजते." जायला वळले आणि थांबले. "पन रेडिओ लय मोठा होता."

माफ केलं की नाही, कळलं नाही. माणूस हसलाही नाही.

१७ मार्च

ह्यांना उठवेना, मी एकटीच गेले. पंगतीत कुठे बसावं कळेना, तर आतून कुणीतरी ओरडलं, "भजेवाल्या काकू आल्या, पाट द्या त्यायले!" दोघीतिघींनी पदर तोंडाला लावला. खाली मान घालून वडा-भात कालवत बसले. नाव पडलं माझं! आता मेले तरी हेच नाव राहणार. निघताना प्रेमिलाने ह्यांच्यासाठी डबा हातात दिला.

घरी येऊन रडले. हे ऐकत होते. आणि हसायला लागले – खोकला लागेपर्यंत! "अगं वेडे, परक्याला कोण नाव ठेवतं? एमपीवाली नाही म्हणाले ना? भजेवाली म्हणाले. तिकिटं रद्द कर."

मी ओरडले त्यांच्यावर. म्हटलं, तुम्हाला मरेपर्यंत भ्रमच हवेत. लोक तोंडावर हसतायत आणि तुम्हाला त्यात माया दिसते. एक माणूस तरी येऊन बसतं का तुमच्यापाशी? उद्या काही झालं तर मी कुणाच्या दारात उभी राहू? नको ते सगळं बोलले. ते डब्यातल्या वड्याचा तुकडा खात होते. म्हणाले, "मेथीदाणा घातलाय. मामी घालायची."

१८ मार्च

तिकिटं रद्द केली नाहीत.

२२ मार्च

पायांना सूज. बसवतही नाही. डॉक्टर घरी येऊन गेले. प्रवास विसरा म्हणाले. म्हणजे आता इथेच. बांधलेली बोचकी दाराशी तशीच आहेत, सोडायला जीव होत नाही.

दुपारी झोपेत पुटपुटत होते. कान लावला. "चार जण..." मी म्हटलं, येतील हो, येतील. खोटं बोलायलाही मला धड जमत नाही. डोळे न उघडता म्हणाले, "तू बोलावलंस तर."

२६ मार्च

श्वास घरघरतोय. सकाळीच गौरांगला फोन केला. रात्रीच्या गाडीने निघतो म्हणाला, उद्या दुपारी पोचेल. त्याचा एक खांदा. रुपरावजींना विचारायला दोनदा उंबऱ्यापर्यंत गेले. जिवंत माणसासाठी खांदे कसे मागायचे? परत फिरले. ह्यांच्या ओठांना पाणी लावत बसलेय. चिडायलाही त्राण नाही.

२७ मार्च

हे गेले. सकाळी सहाला.

दार उघडून उभी राहिले. ह्या वेळी नाव सुचलं. "रुपरावजी!"

गौरांगची गाडी पाच तास लेट आहे. अजून इटारसीलाच उभी, म्हणजे उठायला संध्याकाळ होणार. खांदे मोजले नाहीत. मोजण्याइतकी कमी माणसं नाहीत. फळ्यावर रुपरावजींनी लिहिलंय – 'आपल्या गल्लीतले केशवराव पिंगळे'. ग्वाल्हेरचं नाव नाही.

दुपारचे दोन वाजलेत. ह्या वेळी डाव्या हाताला प्रेमिलाच्या वरणाची फोडणी, उजव्या हाताला कुणाची तरी मिरची, रोज ठसका लागतो. आज काहीच नाही. अख्ख्या गल्लीत काहीच नाही.

बाहेर प्रेमिला रुपरावजींना म्हणतेय, "भाऊजी, तुमाले शुगर हाय. थोडासा भात टाकू का तुमच्यापुरता?"

"नाई वं. बिस्कुट खाल्लं मी. केशवराव घरातच हायेत ना अजून."