नकाशावर निळं झालेलं शेत

ती. पुंडलिकमामांस भाविकाचा साष्टांग नमस्कार.

तुमचा खोकला रोह्याच्या कंपनीसारखाच तिन्ही शिफ्टमध्ये चालू असल्याचं मामीकडून कळलं. जपा. इकडे आई, मी आणि म्हैस अशा तिघी बऱ्या आहोत, त्यातल्या त्यात म्हैस. (तुमचा मोबाईल दिवसा कंपनीच्या गेटवर असतो आणि घरी मामीकडे, म्हणून हे पत्र. आपल्या आळीतला हिरामण उद्या रोह्याला येतोय, त्याच्या हाती देते.)

पर्यावरण आणि शाश्वत धोरण या विषयात एम. ए. करते म्हणजे नेमकं काय करते, हे तुम्ही दर गणपतीत विचारता. आता सांगता येईल. मी आपलं गाव बुडवते. धरमतरच्या खाडीचं पाणी वाढतच जाणार, तेव्हा दरवर्षी चिखल थापून बांध राखण्यापेक्षा लोकांनी भरपाई घेऊन काठची शेतं खाडीला परत द्यावीत, असा माझा प्रबंध. वैशालीमॅडमना (माझ्या मार्गदर्शक, पायाला चिखल न लागू देता चिखलावर दोन पुस्तकं लिहिलेल्या) तो फार आवडला. त्यांच्याच सांगण्यावरून मी देवळात पडदा लावून गावाला नकाशा दाखवला. शेजारच्या धोंडुबाईने काठी रोखून विचारलं, "ह्यो निला काय हाय गो?" म्हटलं, पाणी. "न माजा भात?" मी पुढचं चित्र लावलं.

वाटलं होतं, नेहमीप्रमाणे कोणी ऐकणार नाही. गावाने जन्मात माझं एकदाच ऐकलं, ते हे. गेल्या पौर्णिमेच्या उधाणाला, शेतातलं पाणी खाडीत सोडायच्या उघाडीशेजारी बांधाला खांड पडली. घरटी एक माणूस फावडं घेऊन बांधावर, ही तुमच्या लहानपणापासूनची रीत. हाळी गेली आणि जमलो कोण, तर आई, धोंडुबाई आणि मी. बाकीचे ओट्यावरून म्हणाले, "शिकलेली पोर सांगते पानी येनारच, मंग कंबर कशाला मोरायची?"

आम्ही तिघींनी लावलेला चिखल पुढच्या भरतीने नेला. पाणी आईच्या शेताला टेकलंय आणि भात पोटरीत आहे. एकदा खारं पाणी शिरलं की पुढची काही वर्षं तिथे गवतसुद्धा धड येत नाही. मला फार भीती वाटते, मामा. मॅडमना फोन केला तर त्यांनी अभिनंदन केलं. लोकांची मानसिकता बदलल्याचा म्हणे हा पुरावा.

मामीला नमस्कार. मुलांना भरपूर शिका म्हणून आशीर्वाद द्यायचा असतो, तो यंदा राहू द्या.

तुमची
भाविका

ता. क. सर्वपित्रीच्या अमावास्येला मोठं उधाण आहे. त्याच्या आदल्या दिवशी सुट्टी काढून शिफ्टमधले चौघे आणि फावडी घेऊन या. बांधावर परकी माणसं राबताना दिसली की गावातली लाजून उतरतील, इतकं गाव मला अजून कळतं.

ता. क. दुसरा. त्याच दिवशी मॅडम खांडीचे फोटो काढायला येणार आहेत. मी गुडघाभर चिखलात असेन. भाची म्हणून हाक मारू नका.

ता. क. शेवटचा. बांध टिकला तर माझा प्रबंध खोटा ठरतो आणि पदवी लांबते. वाहून गेला तर मी पहिली येते. आईला यातलं काही सांगितलेलं नाही. तिने नेहमीप्रमाणे मी पहिली यावी म्हणून नवस बोललाय.