दंवावरचा वाल

मुक्काम कुडपण,
ता. २० जानेवारी १९३०

चिरंजीव रखमा हिला कुडपणाहून ठकूबाईचे पोटभर आशीर्वाद. इकडे मी बरी हाय. तू, तुझे आईबाबा, सगळी बरी असाल. इथे थंडी फार हाय. तुमच्या सव गावाला गरम पाण्याची कुंडं हायत, तुम्हांला काय थंडी.

हे पत्र पोलादपूरचे अब्बासभाई लिहितायत. हिरडे विकत घ्यायला वर आले, ते आपल्या ओट्यावर बसलेत. मी बोलते तसंच लिहा, सुधारू नका, असं त्यांना सांगितलंय. तिकडे मास्तर वाचून दाखवतील तेव्हा सगळी बसून ऐका. चोरून सांगण्यासारखं यात काय नाय.

भादव्यात पाऊस गेला तो गेलाच. भात पोटरीला येऊन उभं वाळलं ते तू बघितलंस. त्यामागून नाचणीही हाती लागली नाय. गावातली निम्मी माणसं मुंबईला गेली. खालच्या झऱ्याला पाणी हाय, पण वाटीवाटीने हंडा भरावा लागतो, बायका तिथेच बसून असतात. बांडा बैल वैरणीवाचून मेला. दुसरा मी खालच्या गावातल्या एकाला देऊन टाकला, नायतर तोही गेला असता. दारात शेण नाय. अंगण सारवायला शेजारच्या बयाबाईकडून मागून आणते.

वाल पेरला मी.

तू गेलीस त्यानंतर दिवाळी झाली. दिवाळी कसली. कणगीमागच्या मडक्यात बियाण्याचा वाल राखेत घालून ठेवलेला होता. घरात दुसरं काय नव्हतं, म्हणून एक दिवस तो शिजवायला बाहेर काढला. निवडायला बसले. मधेच काय झालं कोण जाणे, सूप तसंच उचललं नि खाचरात गेले. नांगर नाय, बैल नाय. काठीला टोक काढलं. भोक पाडायचं, दोन दाणे टाकायचे, टाचेने दाबायचं. भाताच्या वाळक्या धसांमधूनच पेरत गेले.

बयाबाई बांधावर येऊन उभी राहिली. "ठकू, खूळ लागलंय का गो? भुईत ओल नाय."

"खाली हाय," मी म्हटलं.

तिने एका भोकात बोट घालून बघितलं नि बोटाला लागलेली ओली माती पुसत घरी गेली.

जेवढा पेरला तेवढा नाय, पण उगवला. त्याला वरून कोणी काय दिलं नाय. ना पाणी, ना खत. पठारावर पहाटे दंव पडतं, पानं भिजतात, बुडाची माती काळी होते, तेवढ्यावर तो राहिला. मावा पडला तेव्हा चुलीतली राख पानांवर फुंकली. डुकरं आली तेव्हा डबा वाजवला. काम असलं की बरं असतं. हात चालतात. डोक्यात काय नसतं. संक्रांतीआधी फुलं होती, आता शेंगा धरल्यात, अजून चपट्या हायत, दाणा भरायचा हाय. खालच्या अंगाला जरा लवकर आलाय. बयाबाईने आपल्या परसातल्या कोवळ्या शेंगांची मडक्यात भाजून पोपटी लावली होती, पानावर माझा वाटा आणून दिला. खाल्ला. मीठ होतं की नव्हतं ते समजलं नाय.

वरच्या बांधाकडचा तुकडा मात्र मी पेरला नाय.

अब्बासभाईंचा हात थांबलाय. त्यांना ठाऊक नाय. तर सांगून टाकते, पत्रात असू दे. त्या तुकड्यातलं वाळलेलं भात वैरणीला तरी होईल म्हणून माझा चांगू कापत होता. तू पेंढ्या बांधत होतीस. पेंढीखाली घोणस होती, ती त्याला चावली. तो आपल्या पायांनी चालत घरी आला. ओट्यावर बसला. "आई, पाणी दे गो," म्हणाला. मी तांब्या आणला. त्याने अर्धा प्यायला नि अर्धा परत दिला, झऱ्याला पाणी कमी हाय म्हणून. दिवस मावळायच्या आत तो गेला.

मला तेव्हा रडू आलं नाय. अजून आलेलं नाय. बायका म्हणतात ठकूचा दगड झाला. होईना का.

तेराव्याला कुणीतरी तुझ्या पायगुणाचं बोललं. तू भिंतीकडे तोंड करून बसली होतीस. मी म्हटलं, सापाला कुणाचा पायगुण लागत नाय. ते तुला ऐकू गेलं की नाय, माहीत नाय. दुसऱ्या दिवशी तू बाबांबरोबर निघालीस. म्हणून इथे परत सांगते.

तुझे बाबा गेल्या आठवड्यात वर आले होते. घरी जाऊन त्यांनी काय सांगितलं ते तेच जाणोत. खरं काय झालं ते मी सांगते. मी त्यांना गुळाचा खडा नि पाणी दिलं. ते वालाकडे बघत बसले.

"वाल बरा आलाय, विहीणबाई."

"दंवावर आलाय."

"पाणी नाय घातलं?"

"माणसांना नाय, वालाला कुठलं?"

"आणि शेणखत?"

"गुरंच नायत."

  मग ते काठी घेऊन उठले, कुंपणाशी गेले नि तिथून म्हणाले, "रखमा बरी हाय."

"बरं झालं."

"पोरगी अजून लहान हाय, विहीणबाई."

मी म्हटलं, "दाणा भरला की मग बघायचं." तो बिचारा माणूस मान हलवून डोंगर उतरून गेला. एवढा चढ चढून आला नि विचारायचं ते न विचारता गेला.

मालोजी व्याही, तुम्हीही ऐकताय ना? तुम्ही कशाला आलात ते मला ठाऊक होतं. बयाबाई गुडघे शेकायला सवच्या कुंडांवर गेली होती, तिथे तिला सगळं कळलं होतं. महाडला बैलगाडी हाकतो तो सहदेव, त्याची बायको वारली, पदरात एक मुलगी हाय, त्याने रखमाला मागणी घातलीय. हे ठाऊक असून मी तुमच्याशी वालाचंच बोलत राहिले. मला वाटलं, तुम्ही बोलला नाय तर ते व्हायचं नाय.

रखमा, वाल मी दोघींपुरता पेरला होता गो. शिमग्याला तू येशील, दोघी मिळून झोडू, पावसापर्यंत दोघींना पुरेल, असं मनात धरून पेरला. अब्बासभाईंना आज बसवून घेतलं तेही त्यासाठीच. "वाल आलाय, निघून ये, एवढंच लिहा," असं त्यांना सांगणार होते. बोलायला लागले नि हे भलतंच बाहेर आलं.

बयाबाईने आणखी एक सांगितलं. तू घरी म्हणालीस, सासू बोलल्याशिवाय मी हो म्हणणार नाय.

तर मी बोलते. तू सहदेवाचं घर कर.

त्याला मी पोलादपूरच्या बाजारात बघितलाय. चढावर गाडी अडली तर खाली उतरून चाकाला खांदा लावतो, बैलाला मारत नाय. त्याहून जास्त मला त्याचं ठाऊक नाय. इथे माझ्या चुलीपाशी बसून राहशील तर तुझाही दगड होईल. एका घरात एक पुरे. तू चांगूला विसरलीस असं मी म्हणणार नाय नि कुणाला म्हणू देणार नाय.

तुझ्या कानातल्या कुड्या माझ्या आईच्या. दुसरं घर करणारीकडून पहिल्या घरचं परत घ्यायची रीत हाय. मी मागत नाय. घाल. लग्नाला येणार नाय. रागाने नाय. मला समोर बघून तुझ्या घशाखाली घास उतरायचा नाय.

वाल झोडला की तुझा वाटा अब्बासभाईंबरोबर खाली पाठवीन. भिजत घालून, मोड आणून बिरडं कर. त्या मुलीला कडू लागेल, तिच्या वाट्यात गूळ घाल.

पत्र संपलं. खाली काय लिहू, तुझी सासू, असं अब्बासभाई विचारतायत. ते आता राहायचं नाय. तुझी आई लिहा म्हणावं, तर तुझी आई तुझ्याशेजारीच बसून ऐकत असेल. मला दुसरं काय सुचत नाय. नुसतं नाव घाला म्हटलं.

ठकूबाई
(निशाणी डाव्या हाताच्या अंगठ्याची)