बिट मी ठरवलं होतं

ती. ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. (कंबर आता पूर्वीसारखी वाकत नाही, तेव्हा नुसती मान झुकवली आहे असं समज.) तुझे गुडघे कसे आहेत? दाजींच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं असेल. त्यांना म्हणावं, आता स्पष्ट दिसायला लागलं म्हणून घरातल्या सगळ्या चुका एकाच दिवशी मोजू नका. माझं पत्र आलेलं बघून तू आधी पाकीट उलटंसुलटं करून पाहशील, कारण गेल्या अकरा वर्षांत मी तुला चिठ्ठीसुद्धा लिहिलेली नाही. पण हे फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. फोनवर तू मध्येच बोलतेस आणि मग मी हो-हो म्हणून सुटतो. कागदावर तसं सुटता येत नाही.

तू तीस वर्षं शाळेत शिकवलंस, पण आपला सख्खा भाऊ जमिनीला भोक कसं पाडतो, हे काही कधी विचारलं नाहीस. तुझी समजूत अशी की सुताराचं गिरमिट असतं, तसंच काहीतरी थोराड असणार. तसं नसतं. एकाला एक जोडून भोकात सोडतात त्या लोखंडी रॉडच्या टोकाला जे बसवतात त्याला आम्ही बिट म्हणतो. आमच्या बिटाला खाली तीन शंकू असतात, टोकं आत करून, एका ताटात तिघं जेवायला बसावेत तसे एकमेकांना चिकटून. वरून रॉड फिरला की हे शंकू आपापल्या बेअरिंगवर फिरत तळाच्या दगडावरून लोळतात. पाठीवर यंत्राचा दाब असतोच. एक दात टेकतो, दगड चिरडतो, टवका उडतो, की दुसरा दात हजर. कॉम्प्रेसरची हवा तो चुरा भोकातून वर फेकते. म्हणजे दगड आम्ही कापत नाही, फोडतो. आता खरी मेख दातांत आहे. मऊ, मातकट दगडाला लांब आणि विरळ पोलादी दात लागतात. ते आत रुततात आणि खरवडतात. मग कठीण दगडाला आणखी लांब दात लागत असतील, असं तू म्हणशील. (मीही नवा असताना म्हणालो होतो. उस्तादांनी चहाचा कप खाली ठेवून माझ्याकडे नुसतं पाहिलं होतं.) पण असतं उलट. कठीण दगडाला आखूड, दाट, गोलसर बटनं लागतात, टंगस्टन कार्बाइडची, पोलादाहूनही कडक. लांब दात तिथे मोडतो, नाहीतर झिजून बोथट होतो. हे सगळं मला पक्कं माहीत होतं. पुढचं वाचताना एवढं ध्यानात ठेव, म्हणजे मला अडाणी म्हणण्यात वेळ न घालवता जे म्हणायचं ते थेट म्हणता येईल.

नव्या दवाखान्याच्या पाण्यासाठी आम्ही इथे बोअर घेत होतो. (इमारत तयार, खाटा आल्या, डॉक्टरीणबाई आल्या, फक्त नळाला पाणी नव्हतं.) त्याच साइटवर तुझी लेक भूगर्भतज्ज्ञ म्हणून आली. कॉलेजातली शिकवण्याची नोकरी सोडून ती धुळीत उभी राहायला आली, याचा राग तू माझ्यावर काढलास, मामाच्या नादाला लागली म्हणून. खरं सांगतो, मी तिला नकोच म्हणालो होतो. ती ऐकत नाही. हा गुण तिने कुणाकडून घेतला ते आपण दोघं जाणतो, तेव्हा तो विषय नको.

पहिले ऐंशी मीटर मातकट दगड होता. लांब दातांचं बिट लोण्यात सुरी जावी तसं चाललं होतं, वीस मिनिटांत तीन मीटरचा एक रॉड. मी खुशीत होतो आणि ती चाळणी धरून चुरा बघत बसली होती. चौऱ्याऐंशीवर तिने मूठभर चुरा माझ्यापुढे धरला. म्हणाली, "मामा, मघापर्यंत टवके येत होते, आता पीठ येतंय. खाली काळा दगड लागला. बिट बदलूया." बरोबर होतं तिचं. पीठ येतं तेव्हा दात दगड फोडत नसतात, नुसते घासत असतात. पण बिट बदलायचं म्हणजे खाली गेलेले अठ्ठावीस रॉड एकेक करून वर काढायचे, तेही सगळ्या माणसांदेखत, आणि ज्या मुलीला मी दुपट्यात घेऊन फिरवलं तिच्या सांगण्यावरून. मी म्हणालो, "बाळा, पुस्तकातला दगड वेगळा असतो." माणसं हसली. ती हसली नाही. आणि मी दाब वाढवला.

दाब वाढवून थोडं अंतर कापलं जातं, ही त्यातली फसवी गोष्ट. एका रॉडला दीड तास लागू लागला तरी मी मागे हटेना. एक्याण्णव मीटरवर रॉड उचक्या देऊ लागले, मग खालून खडखडाट झाला. सगळे रॉड वर काढले तेव्हा बिटाला दोनच शंकू होते. बेअरिंग दाबाने गेलं होतं आणि तिसरा शंकू तळाशी राहिला होता. तो काढल्याशिवाय पुढे जाता येत नाही, कारण पोलादावर पोलाद घासलं तर नव्या बिटाचीही तीच गत होते. मग लोहचुंबक सोडून मासेमारी सुरू झाली, दोन दिवस. पहिल्यांदा दातांचे तुकडे आले. दुसऱ्यांदा माझा मोठा पाना आला. (रॉड काढताना रागाच्या भरात माझ्याच हातून पडला असणार. आदल्या संध्याकाळी मात्र मी आचाऱ्याला चारचौघांत विचारलं होतं की माझा पाना तुझ्या शेगडीखाली टेकू म्हणून आहे का. त्याची माफी मागितली. सोपं गेलं, वर चहा मिळाला.) शंकू दुसऱ्या दिवशी दुपारी आला, चुंबकाला तिरका चिकटून, इतका छोटा की याच्यासाठी दवाखाना थांबला होता हे सांगून खरं वाटलं नसतं.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. मोडतोड झाली की एक कागद भरावा लागतो, त्यात बिट कोणी ठरवलं असा रकाना असतो. नियमाने ते भूगर्भतज्ज्ञाने ठरवायचं असतं. साहेबांनी आम्हा दोघांना ऑफिसात बसवून विचारलं, हे बिट कोणाच्या सल्ल्याने ठेवलं? तुझ्या लेकीने एकदा माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं. (पंखा बंद होता.) ती बोलेल असं मला वाटलं, मी बोलेन असं तिला वाटलं असावं, आणि साहेबांनी रकान्यात तिचं नाव लिहिलं. दुसऱ्या दिवसापासून तिची बदली नमुन्यांच्या खोलीत, दगडांच्या डब्यांवर चिठ्ठ्या डकवायला. जाण्याआधी तिने बटनांचं बिट स्वतः निवडून काढलं, दाब किती आणि फेरे किती ते कागदावर लिहून माझ्या हातात दिलं आणि गेली. त्या कागदाप्रमाणे चाललो. एकशे सव्वीस मीटरवर पाणी लागलं, भरपूर लागलं. डॉक्टरीणबाई चपला हातात घेऊन चिखलात उभ्या राहिल्या. सगळ्यांनी माझी पाठ थोपटली. ती तिथे नव्हती.

तिने घरी एवढंच सांगितलं की चूक झाली, बदली झाली. त्यावर तू म्हणालीस, बरं झालं, आता तरी परत ये. तेव्हापासून ती तुझा फोन उचलत नाही, हे मला दाजींकडून कळलं. चूक तिची नव्हती. गुरुवारी मी साहेबांकडे जाऊन सांगितलं की बिट मी ठरवलं होतं, ती बदला म्हणत होती, मी ऐकलं नाही. तेव्हा तू तिला जे बोललीस ते मागे घे.

दाजींना नमस्कार. डोळ्यात औषध वेळेवर घालायला सांग.

तुझा,
धाकटा

ता. क. गुरुवारबद्दल वर जे लिहिलं ते खरं नाही. गुरुवारी मी साहेबांच्या दारापर्यंत गेलो, आत ते फोनवर बोलत होते, मी बाहेरच्या माठातलं पाणी प्यायलो आणि परत आलो. आज मंगळवार. पाकीट चिकटवायला घेतलं आणि हात पुढे जाईना. उद्या-परवा जाईनच, पत्र पोहोचेपर्यंत लिहिलेलं खरं झालेलं असेल, असा हिशेब मी केला होता. शेवटी पत्र तसंच टेबलावर ठेवून उठलो, गेलो आणि सांगून आलो. साहेबांनी चष्मा काढला आणि म्हणाले, हे त्याच दिवशी सांगायला हवं होतंत. मी म्हटलं, हो. त्यांनी कागद पुढे सरकवला, मी तिचं नाव खोडून माझं लिहिलं आणि खाली सही केली. सोमवारपासून ती साइटवर परत येते आहे. आणि यापुढे तिच्या सहीशिवाय मला बिटाला हात लावता येणार नाही.

ता. क. दुसरा. तिला अजून मी तोंड दाखवलेलं नाही. ते सोमवारी दाखवीन, तो माझा प्रश्न. तुझ्याकडे मागणं एवढंच, की तिला फोन कर. पहिल्यांदा उचलणार नाही, पुन्हा कर. परत कधी येतेस, हे विचारू नकोस. बटनांचं बिट कसं चालतं ते विचार, आणि मी वर जे काही सांगितलं आहे ते तुला ठाऊकच नाही असं दाखव. ती माझ्यापेक्षा बरंच चांगलं सांगते. मध्ये बोलू नकोस. तिचं सगळं सांगून झालं, की मग जेवलीस का ते विचार.