झाकणावरचं नाव

५ मार्च
कायमची जागा एकच. उमेदवार दोघी — मी आणि ती गोगलगाय! मी या प्रयोगशाळेत तीन वर्षं घासतेय. ही काल आली, आणि सर तिलाच डोक्यावर घेऊन नाचतात.

तिचं म्हणणं — पेशीच्या आवरणात एक प्रथिन असतं, त्यातून अन्न आत येतं. ते काढून टाकलं, की बाहेर कितीही अन्न असो, पेशीला वाटतं आपण उपाशी. मग ती स्वतःलाच खायला लागते. मी म्हणते, त्या प्रथिनाचा काही संबंध नाही! सोमवारी सर दोघींच्या पेशी वाढवलेल्या डिश बघणार. तिचं बरोबर निघालं तर माझा बाजार उठला.

७ मार्च
"ताई, नाव झाकणावर नको, तळाला लिहा. झाकणं बदलतात." मला शिकवते! सगळ्यांसमोर म्हटलं, "बाळा, तू रांगत होतीस तेव्हापासून डिश हाताळतेय मी." सगळे हसले. तिचे कान लाल. मस्त दिवस गेला.

८ मार्च
तिच्या वडिलांना दवाखान्यात ठेवलंय. रडत निघाली. "तुमचा हात दुखतोय ना, तुमच्या पेशींना खाद्य मी घातलंय. माझ्या राहिल्यात, तेवढ्या बघाल?"

"जा गं निश्चिंत."

झाकणावर माझं नाव नव्हतं त्या, म्हणजे तिच्या, सगळ्या डिशमधलं खाद्य ओतून टाकलं. वर नुसतं मिठाचं पाणी, दिसायला खाद्यासारखंच गुलाबी. आता धडधाकट पेशीही स्वतःला खातील, प्रथिन असो वा नसो — फरकच दिसणार नाही! बस बोंबलत.

१० मार्च
सरांनी डिश उचलून तळ बघितले. तिचं नाव असलेल्या डिश ठणठणीत, आणि फरक लख्ख — प्रथिन नसलेल्याच पेशी स्वतःला खाताहेत. मेल्या त्या बिननावाच्या. माझ्या! त्या रडूबाईने खाद्य घालताना दोघींच्या डिश एकदम उघडून झाकणांची अदलाबदल केली होती. माझ्या पेशींचा गोठवलेला साठा तर फ्रीज बिघडला तेव्हाच गेला. सगळं संपलं.

"यांना खाद्य कोणी घातलं?" सर कडाडले.

खरं तेच सांगितलं. तिने — "मी."

११ मार्च
तिने अर्ज मागे घेतला. "दोन्ही बाटल्या गुलाबी, ताई... रडता रडता मिठाच्या पाण्याची उचलली असणार मी. तुमची तीन वर्षं मातीत घातली."

पाठीवरून हात फिरवला तिच्या. म्हटलं, "जाऊ दे गं. होतं असं."