मरीयेच्या कपाळावरचं कुंकू

केज, मंगळवार, दिवेलागण

डोकं चालेना म्हणून लिहितेय. प्रार्थना-शिबिरातल्या कॅथलिक सिस्टरनी मरीयेचं हे चित्र देऊन सांगितलं होतं, रोज समोर बस, काही मागू नकोस, नुसतं बघ. चार दिवस बसतेय. पण आमच्या प्रोटेस्टंट घरात चित्र-मूर्ती चालत नाही, प्रार्थना म्हणजे डोळे मिटणं, बसले की आपोआप मिटतात. मग बघणार काय? आणि चित्र ठेवलं तेही नेमकं त्या कोनाड्यात, जिथले देव आजोबांनी बाप्तिस्मा घेताना नदीत सोडले होते. उद्या बाबा येतील. त्यांना काय सांगू?

त्यात आज हे कुंकू. शेजारच्या गयाबाई दही द्यायला आल्या. "ही कोण?" मी म्हटलं, येशूची आई. "हिच्या डोळ्यांदेखत पोरगं गेलं ना?" एवढंच म्हणाल्या. घरी जाऊन बोटावर कुंकू घेऊन आल्या आणि सरळ तिच्या कपाळाला लावलं. "मोकळं कपाळ बरं न्हाई दिसत, माय."

त्या गेल्यावर पुसायला ओला फडका घेतला, तेव्हा ध्यानात आलं. गयाबाईंचं कपाळ नवरा गेल्यापासून मोकळंच आहे. मग कुंकवाची डबी अजून जपून ठेवली होती?

फडका हातातच राहिला. अंधारून येईपर्यंत त्या कुंकवाकडं बघत बसले, डोळे एकदाही मिटले नाहीत. ही प्रार्थना झाली का? की आजोबांशी बेइमानी?

बाबा उद्या म्हणतील, पुसून टाक ते. गयाबाईंचा नवरा गेला त्या दिवशी त्यांच्या अंगणात बायकाही हेच म्हणत होत्या, आणि मी तिथंच उभी होते.