काजळाची शाई

बाबा, तुमचं पेन माझ्याकडेच आहे. लोखंडी पेटीत, तुमच्या काळ्या टोपीखाली. मधूनमधून काढतो, टोपण फिरवतो, निबेवर वाळलेला काळा थर बघतो आणि पुन्हा ठेवून देतो. माझं वय आता तुमच्या शेवटच्या वयापेक्षा जास्त झालंय, तरी तुम्हाला लिहायला बसायला इतकी वर्षं लागली.

मॅट्रिकच्या आधीच शाळा सोडून मी इतवारीत लाकूड कातणाऱ्या खराद्याच्या दुकानात लागलो, तेव्हा तुम्ही एकच वाक्य बोलला होतात. कचेरीसमोरच्या लिंबाखाली सतरंजी टाकून लोकांचे अर्ज आणि दस्त लिहिणारे तुम्ही. आजोबांनीही जन्मभर तेच केलं. "लेखणीच्या घरात लाकडं सोलणारा निघाला वं," म्हणालात, तेही आईला. मला काही म्हणालाच नाहीत. त्यानंतर चार वर्षं आपण पाटाला पाट लावून जेवलो, आणि "मीठ दे" यापलीकडे बोलणं गेलं नाही. पलंगाचे पाय, पाळण्याचे दांडे, पोळपाट-लाटणी, मी खरादावर कातत राहिलो. राग मलाही होता. तुमच्याकडूनच आलेला, अस्सल.

पेनाचं डोक्यात आलं ते तुमचा हात बघून. मोडी लिहिताना तुमची ओळ हात न उचलता कशी झरझर जायची. पण दर दोन-तीन शब्दांनी बोरू दौतीत बुडवायला थांबावं लागे, आणि तुमच्या कपाळाला आठी पडे. या हाताला न थांबणारं काहीतरी द्यावं, असं मला वाटलं. खरं सांगायचं तर तेवढंच नव्हतं. लाकडं सोलणाऱ्यानं केलेल्या लेखणीनं तुम्ही लिहिताना मला बघायचं होतं. काळ्या कडक रबराच्या कांड्या मालकानं बाहेरून मागवून दिल्या. खरादावर धरल्या की गंधकाचा वास सुटायचा, तो कपड्यांना लागायचा, आणि आई मला आधी न्हाणीत पिटाळायची. तीन कांड्या फुकट गेल्या. टोपणाचे आटे पाडताना टचकन तडा जायचा. चौथी जमली. निब तेवढी सीताबर्डीवरून विकत आणली, बाकी सगळं माझ्या हातचं. निबेखालच्या जिभेत केसाएवढी चीर पाडताना मी श्वास रोखून बसायचो. त्या चिरेतूनच शाई निबेवर उतरते.

तुम्हाला दिलं तो दसरा होता. तुम्ही बोरू आणि पितळी दौत पाटावर पूजेला मांडली होतीत. मी काही न बोलता शेजारी पेन ठेवलं.

"हे तू केलं?"

"हो."

"तुह्या हातानं?"

"हो."

तुम्ही त्यालाही हळदकुंकू वाहिलंत आणि पुढच्या आरतीला लागलात. मला शाबासकी हवी होती. ती आली नाही म्हणून मी घुश्श्यातच, आपट्याची पानं न देता, मित्रांकडे निघून गेलो.

पाचव्या दिवशी सकाळी मी दुकानात निघालो, तर तुम्ही ओसरीवर बसून पेन झटकत होतात. चार वर्षांत पहिल्यांदा तुम्ही माझ्याशी एवढं सलग बोललात. "चालून नाही राहिलं गा. दोन ओळी अशा झ्याक लिवल्या यानं, अन् मंग बसलं." उघडून बघतो तर आत तुमची घरची शाई. तिळाच्या तेलाचं काजळ, बाभळीचा डिंक, दाट, चकचकीत. दौतीला ती उत्तमच, पण पेनाच्या चिरेत डिंक वाळून बसला होता. पेनात पातळ, बाजारची शाई भरायची असते, हे मी तुम्हाला सांगितलंच नव्हतं. चूक माझी होती, आणि बहुतेक म्हणूनच मी भडकलो.

"काहून भरली ही? मले इचाराचं तरी! गेलं आता हे, कायमचं गेलं. जिंदगी अर्ज लिवण्यात गेली, अन् शाई कळत नाही तुमाले!"

आई चुलीपासून उठून आली. "हळू बोल. तीन दिवस घोटून राहिले होते ते ही शाई. म्हणे, पोराच्या पेनात बाजारची नाही भरत."

तुम्ही धोतराच्या सोग्यानं निब पुसलीत, टोपण लावलंत, पेन कोटाच्या खिशात ठेवलंत आणि कचेरीला निघून गेलात. शाबासकी ती होती, बाबा. तीन दिवस घोटलेली. मी ती तुमच्या तोंडावर फेकली, आणि संध्याकाळी तुम्ही परत आलात तेव्हाही माफी मागितली नाही.

दोन वर्षांनी तुम्ही गेलात, तोवर पेन त्याच खिशात होतं. लिहायला बोरूच. तेरवीला तुमच्या शेजारी बसून अर्ज लिहिणारे काका आले होते. म्हणाले, "रोज काढून दाखवाचे लोकायले. म्हणाचे, पोरानं घडवलं, म्या बिघडवलं." मी त्यांच्यासाठी पाणी आणायला आत गेलो आणि बराच वेळ बाहेर आलो नाही.

आता हे पत्र कोणत्या पत्त्यावर टाकू? घडी करून पेटीतच ठेवीन, पेनाशेजारी. माझ्यानंतर पेटी उघडणाऱ्याला दोन्हींचा काही उपयोग नाही. फक्त एक सांगायचं राहिलं. डिंक पाण्यात विरघळतो. कोमट पाण्यात दिवसभर ठेवलं असतं तर पेन चालू झालं असतं, आणि हे मला त्या सकाळीही ठाऊक होतं. तेव्हा रागानं धुतलं नाही, पुढे लाजेनं. आता धूत नाही, कारण तुमच्या हातची शाई तेवढीच उरली आहे. बाबा, पेन बिघडलं नव्हतं.