तू ऐकलं होतंस, ताई

प्रिय ताई,

'प्रिय' लिहून पेन जरा थांबलं, पण खोडलं नाही. तुझे फोन मी मुद्दामच उचलत नाहीये. तुझा आवाज ऐकला की मी विरघळते, आणि या वेळी मला विरघळायचं नाही.

लेबर रूममधला माझा पहिला दिवस आठवतो? बाळाचं डोकं दिसलं आणि मीच भिंत धरली. "पडायचं तर बाहेर जाऊन पड, इथे खाट रिकामी नाही," असं तू म्हणालीस आणि सगळ्या सिस्टर हसल्या. मग माझा हात धरून बाळंतिणीच्या पोटावर ठेवलास. बाळ झाल्यावर गर्भाशय चेंडूसारखं घट्ट लागायला हवं; मऊ लागलं तर चोळत राहायचं आणि लगेच हाक मारायची, हे तूच शिकवलंस. बहिणीच्याच हाताखाली काम मिळालं म्हणून मी किती मिरवत होते.

त्या दुपारी मी तेच केलं. शिवणकाम करणाऱ्या त्या बाईंना मुलगी झाली होती. पोटाला हात लावला तर भिजवलेल्या कणकेसारखं मऊ, आणि खालची चादर लाल. चोळता चोळता मी पडद्याआडून तुला हाक मारली, "ताई, रक्त फार जातंय." शेजारच्या खाटेपाशी होतीस तू. "पहिलटकरीण आहे, जाणारच थोडं. घाबरट कुठली." मी पुन्हा सांगितलं. तू पडदासुद्धा सारला नाहीस. शेवटी तुला न विचारता मी डॉक्टर मॅडमना बोलावून आणलं, तोवर बाई पांढऱ्याफटक पडल्या होत्या. त्या वाचल्या, पिशवी मात्र काढावी लागली.

"आधी का नाही कळवलं?" मॅडमनी विचारलं. मी तुझ्याकडे पाहिलं. तू ट्रे आवरत होतीस. "नवी आहे मॅडम. मला काही बोललीच नाही." कापूस संपलाय सांगावं, इतक्या सहज.

मला तिथून काढून टाके-ड्रेसिंगच्या खोलीत बसवलं, तरी मी गप्प राहिले. वाटलं, गडबडीत तुला खरंच ऐकू आलं नसेल. मग आई आली. माझ्या केसांवरून हात फिरवत म्हणाली, "तिची बढती तोंडावर आलीये गं. ऐकलं होतं, पण लक्ष दिलं नाही, असं सांगून रडत होती बिचारी. तू लहान आहेस, तुझं निभावून जाईल." म्हणजे आईपाशी तू खरं बोललीस. मला धरायला जे एक निमित्त उरलं होतं, तेही तू काढून घेतलंस. त्या रात्री मी जेवले नाही, आणि आईनंही आग्रह केला नाही.

काल त्या बाई टाके दाखवायला आल्या होत्या, मुलीला कुशीत घेऊन. ड्रेसिंग करताना हळूच म्हणाल्या, "तुम्ही दोनदा सांगितलंत त्यांना. मी शुद्धीवर होते. मग सगळे तुमचं नाव का घेतात?" मी पट्टीची कडा पुन्हा नीट चिकटवली. त्यांना आता दुसरं मूल होणार नाही, ताई, आणि तरी त्या माझी काळजी करत होत्या. म्हणून हे लिहितेय. उद्या सकाळी मी मेट्रनबाईंकडे जाऊन खरं काय झालं ते सांगणार आहे. तुला हे दुसऱ्या कुणाकडून कळू नये. माझ्याआधी तूच सांगायला आत गेलीस, तर मी बाहेर बाकावर तुझ्यासाठी थांबेन. नाही आलीस, तर एकटी जाईन.

तुझीच,
धाकटी